उज्जयिनीचा मंगळ आणि अरीयपगाची टेकडी

उज्जैन येथे शिप्रेच्या काठी मंगळनाथाचे मंदिर आहे. मंगळ हा ग्रह याच भूमीवर जन्मास आला, अशी तेथील लोकश्रद्धा आहे. ज्यांच्या पत्रिकेत मंगळ आहे असे तरुण-तरुणी आणि त्यांचे चिंताक्रांत आईबाप येथे येतात, शिवलिंगाला शिजवलेल्या भाताचे लेपन करून भातपूजा करवितात आणि विवाहातील विघ्न टळावे म्हणून प्रार्थना करतात. मराठी माणसाला हे क्षेत्र परके नाही. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनीच अठराव्या शतकात तेथील महाकाळाचे मंदिर पुन्हा उभारले.

मंगळाचा हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती उंबरठ्याबाहेरच राहतो असे समजणे धाडसाचे होईल. मिश्रविवाहाची बोलणी चालू असता वरपक्ष पत्रिका मागतो. नव्याने श्रद्धेत आलेल्या कुटुंबातील आजी नातीच्या 'कडक मंगळा'ची धास्ती मनातून काढू शकत नाही. वर्तमानपत्रातील राशिभविष्य तर उपासनेहून परतलेला भाविकही 'केवळ गंमत म्हणून' वाचतो. अशा वेळी धर्मशिक्षकाला विचारले जाते, 'हे खरे की खोटे?' त्याने काय उत्तर द्यावे, याचा विचार इतिहासाच्या आधारे करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण या मंगळाची कुळकथा पाहू गेल्यास ती आपणांस ज्या नगरीत नेते, तेथे प्रेषित पौल आपल्या आधी पोहोचलेला आहे.

उज्जयिनी आणि यवन

ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात 'ओझेनी' नावाचे नगर येते. ही आपली उज्जयिनी होय. येथून गोमेद आदी मौल्यवान दगड आणि तलम वस्त्रे भरुकच्छच्या, म्हणजे आजच्या भडोचच्या बंदरात जात आणि तेथून जहाजांनी पश्चिमेकडे रवाना होत. उलट दिशेने इटलीचे मद्य, तांबे, कथील व पोवळी येत. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी याने ओझेनी ही तियास्तनीस राजाची राजधानी असल्याचे नमूद केले आहे. हा राजा म्हणजे पश्चिम क्षत्रपांपैकी चष्टन.

ज्या मार्गाने माल आला त्याच मार्गाने विद्याही आली. स्फुजिध्वजाचा 'यवनजातक' हा ग्रंथ आपल्या नावातच आपले मूळ सांगतो. डेव्हिड पिंग्री यांनी तो १९७८ साली संपादून प्रसिद्ध केला. त्याच्या कालनिर्णयाविषयी पुढे विद्वानांत मतभेद झाले. परंतु ग्रीक फलज्योतिष संस्कृतात आणणाऱ्या आद्य ग्रंथांत त्याची गणना होते, याविषयी दुमत नाही. पुढे सहाव्या शतकात अवंतीचा रहिवासी वराहमिहिर याने 'पंचसिद्धांतिका' रचली. तिच्या पाच सिद्धांतांपैकी रोमक आणि पौलिश या दोघांची नावेच पश्चिमेकडे बोट दाखवितात. यवनपूर, म्हणजे अलेक्झांड्रिया, आणि अवंती यांतील कालांतर त्याने ७⅓ नाडी दिले आहे. एक नाडी म्हणजे २४ मिनिटे. तेव्हा हे अंतर ४४ अंश रेखांशाचे होते. प्रत्यक्ष अंतर सुमारे ४६ अंशांचे आहे. दोन नगरांचे आकाश एकमेकांशी किती काळजीपूर्वक जोडले गेले होते, हे यावरून ध्यानात यावे. वराहमिहिराचे मनही मोकळे होते. यवन हे म्लेच्छ खरे. पण हे शास्त्र त्यांच्या ठायी नीट प्रतिष्ठित असल्यामुळे तेही ऋषींप्रमाणे पूजिले जातात, अशा आशयाचे वचन 'बृहत्संहिते'त आढळते. ज्ञानाचे ऋण असे उघडपणे मान्य करणे ही आपल्या परंपरेची थोरवी होय.

कथा गेली, स्वभाव उरला

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ग्रहांना दैवते मानण्याची प्रथा ग्रीकांनी बाबिलोनकडून घेतली. तेथील संहारक नेर्गल तोच ग्रीकांचा युद्धदेव आरेस ठरला आणि तांबड्या ग्रहाशी त्याची सांगड बसली. ही मालिका भारतात आली तेव्हा येथे प्रत्येक ग्रहाला स्वतःचे नाव आणि स्वतःची कथा लाभली. मंगळ हा भूमिपुत्र 'भौम' झाला. तो झ्यूस व हेरा यांचा पुत्र राहिला नाही. बृहस्पती देवांचा गुरू, शुक्राचार्य असुरांचा गुरू. कथांच्या पातळीवर पाहता ग्रीस व भारत यांत साम्य थोडेच सापडते.

परंतु पत्रिकेतील ग्रहांचे स्वभाव पाहू लागताच चित्र पालटते. वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त मंगळ हा ग्रहांच्या राजसभेतील सेनापती आहे. बुधाकडे वाणी आहे. पुराणांतील शुक्र हा तपस्वी, दाढीधारी आचार्य. मात्र जातकशास्त्रात तो स्त्रीग्रह मानला जातो आणि प्रेम व विवाहसुख त्याच्या अधीन होते. असुरगुरूला हे स्त्रीत्व कोठून आले? आफ्रोदितीची आठवण झाल्यावाचून याचा उलगडा होत नाही. पुराणांतला पुरुष चंद्रही तेथे स्त्रीग्रहच आहे. कारण ग्रीकांची चंद्रदेवता सेलेनी ही स्त्री होती.

राशींचेही तसेच. 'बृहज्जातका'त मेषादी राशींना क्रिय, तावुरी, जितुम, लेय, पाथोन, जूक अशी नावे दिली आहेत; ती क्रिओस, तावरोस, दिदिमोई, लेऑन, पार्थेनोस, झिगोन या ग्रीक शब्दांची संस्कृत रूपे होत. धनु रास म्हणजे कमरेखाली घोडा असलेला धनुर्धर. हा ग्रीक कथांतील अश्वमानव. मिथुन रास ग्रीकांच्या दृष्टीने दोन जुळे भाऊ होते. भारतात ते स्त्रीपुरुषांचे जोडपे झाले. पौल मिलिता बेटावरून ज्या जहाजाने रोमकडे निघाला, त्याच्यावर याच जुळ्या भावांचे चिन्ह होते, असे लूक सांगतो (प्रे. कृ. २८:११).

वारांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. सोमवारानंतर मंगळवारच का? ग्रह दूरपासून जवळ असे मांडले तर क्रम होतो शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे २४ होरे करून प्रत्येक होरा क्रमाने एकेका ग्रहाला दिला, तर शनिवारचा पहिला होरा शनीचा येतो. सातांच्या तीन फेऱ्या होऊन तीन होरे उरतात. म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला होरा रवीचा, तिसऱ्याचा चंद्राचा, चौथ्याचा मंगळाचा. हा हिशेब २४ तासांवाचून जुळत नाही आणि आपली जुनी कालगणना तर ६० घटिकांची. 'होरा' हा शब्दही ग्रीकच. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या मराठी इतिहासात या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे. वाराचा उल्लेख असलेला भारतातील एक अतिप्राचीन शिलालेख मध्य प्रदेशातीलच एरण येथे आहे. तो बुधगुप्ताच्या काळचा, इ. स. ४८४ चा असून त्यात सुरगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार, नोंदला आहे.

शेवटी एक शब्द पाहू. पत्रिकेतील सातवे, विवाहाचे स्थान. त्याचे एक संस्कृत नाव 'जामित्र'. हे ग्रीक 'दियामेत्रोस', म्हणजे समोरासमोरचे, याचे रूपांतर. 'केंद्र' हा शब्दही ग्रीक 'केंत्रोन'वरून आला. आपल्या धर्मशिक्षण केंद्राच्या पाटीवर तो निर्वेधपणे बसला आहे.

तात्पर्य, देवळे पडली, यज्ञ थांबले, कथा विसरल्या गेल्या. परंतु दैवतांचा स्वभाव ग्रहाच्या आश्रयाने जगला. आधुनिक काळानेही त्याला निरोप दिलेला नाही. चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या अमेरिकन मोहिमेचे नाव अपोलो होते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी, मंगळवारीच, भारताचे मंगळयान निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्याने धाडलेल्या छायाचित्रांत तांबडी धूळ, दऱ्या आणि ज्वालामुखींचे डोंगर दिसले. तरीही संगणकावर मांडलेल्या पत्रिकेत मंगळ आपल्या जुन्या जागी बसतो आणि एखाद्या निरपराध मुलीचा विवाह अडवून धरतो.

ख्रिस्तसभेचे दोन मार्ग

ख्रिस्तसभा या दैवतांना प्रथमपासून ओळखत होती. लुस्त्र येथे लोकांनी बर्णबाला झ्यूस आणि मुख्य वक्ता म्हणून पौलाला हर्मीस ठरविले (प्रे. कृ. १४:१२). आपल्या पंचांगाच्या भाषेत एक गुरू झाला, दुसरा वाणीचा स्वामी बुध. दोघांनी वस्त्रे फाडून हा मान नाकारला.

वारांच्या बाबतीत मात्र ख्रिस्ती लोक दोन वाटांनी गेले. ग्रीक भाषेत दैवतांची नावे टाकून दुसरा, तिसरा, चौथा असे दिवस मोजले जाऊ लागले आणि रविवार 'किरियाकी', प्रभूचा दिवस झाला. सहाव्या शतकात ब्रागाचे बिशप मार्टिन यांनी दैवतांच्या नावांवर कडक टीका केली. पोर्तुगीज भाषेत आजही सोमवार ते शुक्रवार हे 'दुसरा' ते 'सहावा' असेच आहेत. त्याच पोर्तुगीजांच्या अमलाखाली शतके काढलेल्या गोव्यातील ख्रिस्ती माणूस मात्र कोकणीत सोमार, मंगळार, आयतार म्हणत राहिला आणि त्याच्या श्रद्धेला त्यामुळे उणेपणा आला नाही. नाव वापराने झिजते, त्यातील दैवत निघून जाते. भीती तशी झिजत नाही. ती उपटावी लागते.

संत ऑगस्टीन यांनी हे स्वानुभवाने जाणले होते. तारुण्यात ते फलज्योतिषाकडे ओढले गेले होते. फिर्मिनस नावाच्या मित्राने त्यांना सांगितले की, तो स्वतः एका संपन्न घरात जन्मला, त्याच क्षणी दुसऱ्या घरी एका दासीला मुलगा झाला. आकाश एकच, पण एक सन्मानाने वाढला आणि दुसरा दास्यातच राहिला. ऑगस्टीन यांच्या 'कबुलीजबाबा'त ही हकीकत आहे. तिचा मर्मार्थ आपल्या देशात अधिकच बोचतो. माणसाने माणसावर लादलेले जिणे ताऱ्यांच्या माथी मारले की अन्यायाला कर्ता उरत नाही.

धर्मशिक्षकाने काय सांगावे?

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. 'हे ग्रीकांचे, परकीय, म्हणून टाकून द्या' असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते आपल्या तोंडी शोभत नाही. ज्या सागरी मार्गाने होरा आणि राशी आल्या, त्याच सागरी मार्गाने सुवार्ताही भारताच्या किनाऱ्याला लागली. परकेपणा हा दोष असेल तर तो प्रथम आपल्यावरच येईल. शिवाय मंगळनाथाच्या पायरीवर बसलेल्या बापाचे दुःख खरे आहे. त्याची थट्टा करणाऱ्याने सुवार्तेचा आरंभच चुकविला असे आम्ही म्हणू. आपली कसोटी वेगळी असावी: ही शिकवण माणसाला मुक्त करते की बांधते?

या कसोटीसाठी पवित्र शास्त्रात आधार विपुल आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्यचंद्रांना नावेही दिलेली नाहीत. ते मोठी ज्योती व लहान ज्योती आहेत, दिवस आणि ऋतू दाखविण्याकरिता लावलेले दिवे. दिवा वाट दाखवितो. वाटचाल ठरवीत नाही. दिवस, महिने, ऋतू पाळून पुन्हा दास्यात जाऊ पाहणाऱ्या गलतीकरांविषयी पौलाला आपले श्रम व्यर्थ गेल्याची भीती वाटते (गलती. ४:९-११).

अथेन्समध्ये पौलाला ज्या ठिकाणी नेले गेले ते अरीयपग म्हणजे आरेसची टेकडी. आपल्या शब्दांत मंगळाची टेकडी. तेथे त्याने आरेसची निंदा केली नाही. मानव देवाच्याच वंशातला आहे, या अर्थाचे एक काव्यवचन त्याने उद्धृत केले (प्रे. कृ. १७:२८). ते वचन किलिकियातील अरातुस या कवीच्या काव्यात आढळते आणि ते काव्य आहे नक्षत्रांविषयी! ताऱ्यांच्या कवितेतून पौलाने ताऱ्यांपलीकडील पित्याकडे बोट दाखविले. आपल्या धर्मशिक्षणाला याहून चांगला धडा कोणता?

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी, देवाच्या प्रीतीपासून आपल्याला कोणीही वेगळे करू शकणार नाही असे सांगताना, पौल 'उंची'चाही उल्लेख करतो. मूळ ग्रीक शब्द आहे 'हिप्सोमा'. ग्रह आपल्या परमप्रभावाच्या स्थानी असणे, यासाठी ग्रीक ज्योतिषी हाच शब्द वापरीत, आणि आपल्या पंचांगात त्याचा प्रतिशब्द आहे 'उच्च'. पौलाच्या मनात हा अर्थ होता, असे अनेक भाष्यकारांना वाटते. तसे असेल तर तो श्लोक मराठी घरातील मुलीला थेट लागू पडतो: मंगळ उच्चीचा असो वा नीचीचा, तो तिला ख्रिस्तातील प्रीतीपासून दूर करू शकत नाही.

म्हणून धर्मशिक्षकाने मंगळवार खुशाल म्हणावा, पंचांगात तिथी पाहावी, आकाशातील तांबडा तारा मुलांना कौतुकाने दाखवावा. मात्र 'मंगळ आहे' म्हणून ज्या मुलीला कोणी नाकारले असेल, तिच्या घरी त्याने अवश्य जावे आणि तिच्या आईबापांसमवेत रोमकरांस पत्राचा तो अध्याय मोठ्याने वाचावा. आपल्या तरुणांना विवाहाची शिकवण देताना, पत्रिका मागणाऱ्या घरापुढे विनयाने पण ठामपणे 'आम्ही पत्रिका मांडीत नाही' असे म्हणण्याचे बळ त्यांना द्यावे.