जाधव खटला (भारत विरुद्ध पाकिस्तान)

परदेशात अटक झालेल्या व्यक्तीच्या वकिलातीशी संपर्काच्या हक्काविषयी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी निकालात काढलेला खटला. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये अटक केली व एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने हेरगिरी आणि दहशतवादाच्या आरोपांवरून त्यांना फाशी सुनावली. भारताने आरोप फेटाळून मे २०१७ मध्ये हेगला धाव घेतली. भारताची बाजू नागपुरात वाढलेले वकील हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर मांडली.

वादाचे मूळ म्हणजे वकिलातीशी संपर्काचा हा हक्क देणारे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे कलम ३६. हेराला हे कलम लागू नाही, हा पाकिस्तानचा दावा न्यायालयाने अमान्य केला. पाकिस्तानने कलमाचा भंग केल्याचे १५ विरुद्ध १ मतांनी ठरले. मात्र शिक्षा रद्द करून जाधवांना सोडण्याची भारताची मागणी मान्य झाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी देऊ नये, असा आदेश निघाला. त्यासाठी पाकिस्तानने २०२१ मध्ये कायदा केला. पण निकाल बजावणारी यंत्रणा हेगकडे नाही, ही या न्यायाची खरी मर्यादा.

डिसेंबर २०१७ मध्ये इस्लामाबादेत काचेआडून झालेल्या भेटीत जाधवांच्या आईला मुलाशी मराठीत बोलू दिले नाही, पत्नीचे मंगळसूत्रही उतरवायला लावले, असे भारताने नोंदवले. कलम ३६ कोणाच्या रक्षणासाठी आहे, ते भेटीच्या त्या खोलीत दिसते.