काचबिंदूचे थेंब डोळ्यात, परिणाम अंगभर. दमा, हृदयविकार असेल तर आधी हे वाचा

मोहोळ : मळणीच्या दिवसांत दम लागला की दोष ज्वारीच्या धुळीला दिला जातो, चक्कर आली की उन्हाला. पण घरातल्या ज्येष्ठांना काचबिंदूचे थेंब चालू असतील, तर कारण त्या छोट्या बाटलीतही असू शकतं.

थेंब अंगात कसा जातो?
डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. म्हणूनच रडताना नाक वाहतं. पूर्ण थेंब डोळ्यात मावत नाही. काही गालावर ओघळतो, काही नळीतून नाकात जातो आणि तिथून थेट रक्तात मिसळतो. गोळीचा बराच जोर यकृतात कमी होतो, नाकातून गेलेल्या औषधाचं तसं होत नाही.

कोणत्या थेंबाने काय होतं?
• टिमोलॉल : नाडी मंदावणे, थकवा, चक्कर. दमा असेल तर श्वास अडकू शकतो. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडी आणखी मंदावते. मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही.
• ब्रिमोनिडीन : झोप येणे, तोंडाला कोरड. गुंगी असेल तर ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवू नये. दोन वर्षांखालील मुलांना हे थेंब धोक्याचे. बाटली मुलांपासून लांब ठेवा.
• डॉर्झोलामाइड, ब्रिंझोलामाइड : तोंड कडू पडणे. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.
• ॲसिटाझोलामाइड गोळी : बोटांना मुंग्या, वारंवार लघवी.

काही बाटल्यांत दोन औषधं एकत्र असतात. त्यामुळे लेबलवर 'टिमोलॉल' आहे का, ते मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

दोन मिनिटांचा उपाय
एकच थेंब टाका. डोळा मिटा. नाकाजवळचा आतला कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरा. औषध नाकात कमी उतरतं आणि डोळ्यात जास्त टिकतं. दुसरे थेंब असतील तर पाच मिनिटं थांबा.

थेंब मनाने बंद करू नका
मोतीबिंदूत ऑपरेशननंतर दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. त्रास होत असेल तर डॉक्टर थेंब बदलून देतात, पर्याय आहेत. शेजाऱ्याची बाटली वापरणंही टाळा.

डॉक्टरांना काय सांगाल?
डोळ्याच्या डॉक्टरांना दमा, हृदयविकार, बीपी आणि शुगरच्या गोळ्या सांगा. गावातल्या डॉक्टरांकडे किंवा सोलापूरच्या सिव्हिलला जाताना थेंबांची बाटली पिशवीत ठेवा. 'कोणतं औषध चालू आहे?' असं विचारल्यावर थेंब सांगायचे राहूनच जातात.

थेंब टाकल्यावर श्वास अडकला, छातीत घरघर झाली किंवा शुद्ध हरपली, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.