रोजची मोटार जुनी कधी होते?

माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचे अर्धनारीनटेश्वराचे मंदिर जुने आहे, याबद्दल कोणी वाद घालणार नाही. ते यादवांच्या काळातले. पण त्याच गावातल्या एखाद्या घरातली पितळी समई जुनी म्हणायची की नाही? त्यासाठी आपल्याकडे कायदा आहे. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने रेघ आखून दिली: वस्तू किमान शंभर वर्षांची हवी, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षे पुरेत. शंभरच का, नव्वद का नाहीत, याला निसर्गात काही आधार नाही. कुठेतरी रेघ मारायची होती, ती तिथे मारली.

आता समईच्या जागी अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट आणून पाहू या. ती जुनी कधी झाली? हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, कारण त्याच्या उत्तरावर त्या गाडीचे भंगार होणार की जतन, हे ठरते.

फियाटच का निवडली, तर तिचे सोलापूरशी नाते आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. माळशिरस तालुक्याच्या उत्तरेला नीरा नदी ओलांडली की इंदापूर तालुक्यात त्यांनी वसवलेले वालचंदनगर लागते. त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होई; १९५० नंतर इटलीच्या फियाटशी करार होऊन छोट्या मोटारी निघू लागल्या. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. पुढे सत्तरच्या दशकात फियाटचे नाव जाऊन तिचीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले, गाडी तीच राहिली: १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. लोकांनीही नवे नाव फारसे मनावर घेतले नाही, ते फियाटच म्हणत राहिले.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. युरोप-अमेरिकेत दर काही वर्षांनी मॉडेल बदले, त्यामुळे गाडीकडे नुसते पाहून तिचे वय सांगता येई. आपल्याकडे १९५३ साली सरकारने धोरण ठरवले की इथे सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनीच मोटारी काढाव्यात. फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. मुख्यतः अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्यावरच देशाने तीस वर्षे काढली. १९६५ ची फियाट आणि १९८२ ची पद्मिनी शेजारी उभ्या केल्या तर फरक शोधावा लागे. कारखान्यातून आज निघालेली गाडीही रूपाने वीस वर्षांची असे, आणि तरी कोणी तिला जुनी म्हणत नसे; तुलनेला नवे काही नव्हतेच. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. आमच्या मते पद्मिनी खऱ्या अर्थाने जुनी झाली ती तेव्हा. एकाही गाडीचे वय त्या दिवशी एका दिवसापेक्षा जास्त वाढले नव्हते, पण सगळ्या एकदम मागच्या पिढीच्या झाल्या.

म्हणजे जुनेपण काही अंशी शेजारी कोण उभे आहे यावर ठरते. बाकीचे मात्र धातूत असते, आणि तिथे विज्ञान बोलू लागते. मोटारीच्या आत दोन घड्याळे चालतात असे समजा. एक गंजाचे. लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की ते चालू होते, गाडी उभी असली तरी थांबत नाही. दुसरे घड्याळ धातूच्या थकण्याचे. जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले, की एका झटक्यात न मोडणारा आस तोच ताण लाखो वेळा परत परत दिला तर मोडतो. हे घड्याळ वर्षे मोजत नाही, हेलकावे मोजते. मुंबईची टॅक्सी खाऱ्या, दमट हवेत राहते आणि दिवसभर धावते. तिची दोन्ही घड्याळे जोरात. माळशिरस पर्जन्यछायेतले. इथे आठवड्याच्या बाजारापुरती बाहेर निघणाऱ्या गाडीचा गंज सावकाश चढतो. पण तीच गाडी खडीच्या रस्त्यावर वडापला लावली, तर थकव्याचे घड्याळ पळू लागते. वय सारखे, झीज निराळी.

कायद्याला एवढे बारकावे परवडत नाहीत. त्याने तिसरेच घड्याळ घेतले: नोंदणीची तारीख. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती नवी करावी लागते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण करही पडतो. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,००० झाले. जुन्या इंजिनांचा धूर पाहता हा जाच अगदी अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही.

पण दुसऱ्या टोकाला पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी या मानाला पात्र. तिला वेगळी पाटी मिळते. प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला मात्र नाही. आता हिशेब मुलांना फळ्यावर करू द्या. पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत पोचायला पाच-पाच वर्षांची सात नूतनीकरणे लागतात. ही पस्तीस वर्षे गाडी कायद्याच्या नजरेत म्हातारी असते, पण आदरणीय नसते. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस ती सहज पार करतात, त्यांना गॅरेज असते आणि माणसे असतात. मास्तरांची, डॉक्टरांची, गुळाच्या व्यापाऱ्याची फियाट या पस्तीस वर्षांतच भंगारात जाते.

ही रेघ पन्नासावरच हवी असेही नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ तीस वर्षे धरते. ब्रिटनने वेगळेच प्रयोग केले. तिथल्या हौशी मंडळींनी १९३४ मध्ये क्लब काढून ‘व्हिंटेज’ म्हणजे १९३० अखेरपर्यंतची गाडी असे ठरवले. ही न हलणारी रेघ, तिच्या पलीकडची गाडी कितीही वर्षे जगो, व्हिंटेज होणार नाही. तिथल्या रस्ता-करात जुन्या गाडीला सूट होती, ती आधी पंचवीस वर्षांच्या सरकत्या रेघेवर. नव्वदच्या दशकाअखेर सरकारने रेघ १९७३ पूर्वीच्या गाड्यांवर गोठवली आणि २०१४ मध्ये पुन्हा सरकती केली, चाळीस वर्षांवर. एकच गाडी, रेघ बदलली की कधी म्हातारी, कधी मानकरी.

मुंबईत टॅक्सीसाठी २०१३ पासून वीस वर्षांची मर्यादा होती. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, पण शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंद ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. म्हणून वयही तिथूनच मोजले गेले, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. व्हिंटेज म्हणवून घ्यायला ती २०५३ पर्यंत टिकायला हवी.

वर्गाबरोबर करून पाहण्याजोगे काम इथेच, तालुक्यात आहे. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा असलेल्या पाट्या १ जुलै १९८९ पासूनच्या. त्याआधी आकड्यापूर्वी नुसती तीन अक्षरे असत. सोलापूरला एमएच-१३ मिळाला, पुढे अकलूजच्या कार्यालयाला एमएच-४५. गाडी बाहेरून विकत आणलेली नसेल, तर पाटीवरूनच वयाचा पहिला अंदाज बांधता येतो. मग मालकाच्या परवानगीने नोंदणीपुस्तकातली तारीख आणि उत्पादनाचे वर्ष पाहायचे, दोन्हींत किती अंतर पडते ते लिहायचे, मीटरवरचा आकडा टिपायचा, आणि दाराच्या खालच्या कडेला गंज कुठपर्यंत आला आहे ते पट्टीने मोजायचे.