कायद्यातून गेलेला दुष्काळ

१९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक लहानसा कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा इंग्रजी शब्द काढून टाकण्याचा कायदा! त्याच्या जागी ‘स्केअर्सिटी’ आली, म्हणजे टंचाई. शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, मदतीची कामे वेळेत निघतात, तेव्हा दुष्काळ पडायला आता वावच नाही, अशी त्यामागची भूमिका होती. कवितेतला एक शब्द खोडायला आम्हाला रात्र जागावी लागते. इथे ते काम बहुमताने झाले.

एका शब्दाला इतके जपायचे कारण काय? १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८० साली फॅमिन कमिशनचा अहवाल आला आणि पुढे ‘फॅमिन कोड’ तयार झाले. दुष्काळ जाहीर झाला की धडधाकटांना काम व मजुरी, म्हाताऱ्या-अपंगांना फुकट शिधा, हे सरकारचे कर्तव्य ठरले. म्हणजे तो नुसता शब्द नव्हता, हुंडी होती. उच्चारली की वटवावी लागे.

१९४३ मध्ये बंगालने याचा अनुभव घेतला. लाखो माणसे मरत असताना तिथे ‘फॅमिन’ जाहीरच झाला नाही. गव्हर्नर रदरफर्ड यांनी व्हाइसरॉयना कारण कळवले ते सरळ होते: कोडप्रमाणे द्यायचा शिधा द्यायला धान्यच नाही. कलकत्त्याच्या फुटपाथवर पेज मागणारी माणसे कागदोपत्री ‘डेस्टिट्यूट’ झाली. त्यांना उचलून शहराबाहेर नेण्यासाठी वटहुकूम निघाला, त्याच्या नावात ‘रिपॅट्रिएशन’ होते. स्वगृही पाठवणी! ज्या घरात चूल पेटत नव्हती, म्हणून ती निघाली होती, त्याच घरी. या दुष्काळाचे बळी साधारण ३० लाख मानले जातात.

राजदरबारी भाषा नेहमी अशीच असते असे मात्र नाही. १६३० च्या सुमारास दख्खन-गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. आपल्या तुकोबांची पहिली पत्नी त्यातच गेली असे परंपरा सांगते. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी हा बादशहाची स्तुती करायलाच नेमलेला, पण बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले गेले आणि मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली गेली, हे त्याने फारसीत लिहून ठेवले आहे.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. खडी फोडणे, सुकडी, लाल मिलो. सरकारी कागदावर ती ‘स्केअर्सिटीची कामे’ होती. मे १९७३ मध्ये त्या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती, आणि त्यामुळे फार मोठी जीवितहानी टळली. हे श्रेय द्यायलाच हवे. गावाने मात्र त्याला ‘बाहत्तरची टंचाई’ कधी म्हटले नाही.

मग ‘टंचाईसदृश परिस्थिती’ आली, ‘दुष्काळसदृश’ आली. ‘सदृश’ला ना विहीर कळते, ना दावणीचे जनावर. मे २०१६ मध्ये, प्रकरण उच्च न्यायालयात असताना, राज्य सरकारने २९ हजारांहून अधिक गावांपुढचे ‘सदृश’ काढले आणि दुष्काळ हा शब्द लिहिला. त्याच वर्षाच्या आरंभी भारतीय हवामान विभागाने आपल्या शब्दावलीतून ‘ड्रॉट’ हा शब्द वगळला होता. आता पाऊस फार कमी झाला तर ते ‘डेफिशियंट इयर’ असते.