पॅरिसखालचं गरम पाणी आणि बुडता बुडता वाचलेल्या विहिरी

आज पॅरिसला जायचंय, पण आयफेल टॉवरकडे नाही. शहराबाहेरच्या उपनगरांत एकसारख्या खिडक्यांच्या, दहा-पंधरा मजली लांबच लांब इमारती दिसतात, तिकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांची भयंकर टंचाई होती. म्हणून 1950 ते 1970च्या दरम्यान सरकारी पाठबळाने या वसाहती उभ्या राहिल्या. बरीचशी घरं कमी भाड्याची. राहायला आले कामगार, अल्जीरिया-मोरोक्को-पोर्तुगालहून आलेली कुटुंबं. तिथे ऑक्टोबर ते एप्रिल घर गरम ठेवावंच लागतं, आणि त्यासाठीचे मोठमोठे बॉयलर तेव्हा बरेचसे तेलावर चालायचे. 1973 साली तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. वाढलेलं बिल शेवटी कोणाच्या दारात येणार? भाडेकरूंच्याच.

पण या इमारतींच्या बरोबर खाली, दीड ते दोन किलोमीटर खोल, चुनखडकाचा एक थर आहे. नाव डॉगर. डायनोसॉरच्या काळातला. त्यात 55 ते 85 अंशांचं गरम पाणी भरलेलं आहे. 1950च्या दशकात लोक या भागात तेल शोधायला खोदत होते, तेव्हा या थराची नीट माहिती हाती आली.

मग पाणी उपसून नळाला जोडायचं, झालं! इतकं सोपं असतं तर हा एपिसोड पाच मिनिटांत संपला असता. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कारियेर-स्युर-सेन इथे पहिला प्रयत्न झाला. पाणी लागलं, पण खारट. वापरून झालेलं हे पाणी सोडायचं कुठे? नदीत सोडलं तर नदीची वाट. प्रकल्प गुंडाळावा लागला.

उत्तर सापडलं 1969 मध्ये, पॅरिसच्या आग्नेयेला मेलुन गावात. (फ्रेंच लोक वेगळंच काहीतरी म्हणतात, मी आपलं मेलुनच म्हणतो.) तिथे एक नाही, दोन विहिरी खोदल्या. एकीतून गरम पाणी वर आणायचं, त्याची फक्त उष्णता काढून घ्यायची आणि गार झालेलं पाणी दुसरीतून त्याच थरात परत ढकलायचं. खारट पाणी घरांपर्यंत जातच नाही. घरांत फिरतं ते वेगळं, गोडं पाणी. ही जोडविहिरीची पद्धत पुढे सगळीकडे वापरली गेली.

आता पैशाची गंमत बघा. दोन विहिरी, पंप, रस्त्याखालून पाइप, हा सगळा खर्च पहिल्याच दिवशी करायचा. इंधन नंतर जवळजवळ फुकट. म्हणजे चार-पाच हजार घरं एका जागी हवीत, तरच हिशेब जमतो. एकट्या बंगल्याला हे परवडत नाही, पण मोठ्या वसाहतींना ते चपखल बसलं. तरी एक भीती उरतेच. कोट्यवधी फ्रँक ओतून खोदलं आणि पाणी पुरेसं गरम निघालंच नाही तर? कुठली नगरपालिका हा जुगार खेळेल?

इथे सरकार उतरलं. 1979च्या दुसऱ्या तेलसंकटानंतर अनुदान आलं, कर्जं आली आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीची गोष्ट आली ती म्हणजे हमी निधी. खोदल्यावर अपेक्षेइतकं पाणी मिळालं नाही तर नुकसानाचा मोठा भाग निधी उचलणार. पुढे विहीर चालू असताना ती बिघडली, तर त्यासाठी वेगळी हमी. 1980च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच पॅरिस परिसरात पन्नासहून अधिक जोडविहिरी झाल्या.

आणि मग सगळं एकदम उलटलं.

बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलचं काय होतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी घरी बघितलंय. इथलं पाणी त्याहून वाईट. खारं, गरम आणि त्यात सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला. लोखंडी पाइप आतून गंजू लागले, गंजाचे थर साचून वाट अरुंद होऊ लागली. त्यात 1986 मध्ये तेलाचा भाव निम्म्याहून खाली कोसळला. ज्या तेलाशी स्पर्धा करायची, तेच स्वस्त! तिसरा फटका कर्जांचा. ती घेतली तेव्हा फ्रान्समध्ये महागाई 13 टक्क्यांच्या आसपास होती, त्यामुळे व्याजदरही चढे. पाच-सहा वर्षांत महागाई 3 टक्क्यांवर आली, पण जुन्या कर्जांचं व्याज तसंच राहिलं. हप्ता तोच, कमाई कमी. वीसेक जोडविहिरी बंद पडल्या. तिथल्या इमारती परत गॅसवर गेल्या.

बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इंजिनिअरांची म्हणून सांगितली जाते. विहिरीच्या तळापर्यंत बारीक नळी सोडून गंजरोधक रसायन टाकायची युक्ती त्यांनी काढली आणि ती खरंच कामी आली. 1995 मध्ये मेलुनला नवी विहीर खोदली, तर तिच्या आत फायबरग्लासची नळी बसवली, गंजण्याचा प्रश्नच नको. पण हे प्रयोग करायला विहिरी आधी जिवंत राहायला हव्या होत्या ना? त्या राहिल्या कारण कर्जांच्या अटी नव्याने ठरवल्या गेल्या आणि बिघाडांसाठी हमी निधी उभा होता. उद्घाटनाच्या फितीसाठी पैसे कुठलंही सरकार देतं. इथे दुरुस्तीसाठीही दिले. तीस-पस्तीस जोडविहिरी त्यामुळे तगल्या.

वीसेक वर्षं नव्या जागी खोदणं मात्र जवळपास थांबलंच. 2009 मध्ये सरकारने ‘फों शालर’, म्हणजे उष्णता निधी सुरू केला. शिवाय निम्म्याहून जास्त उष्णता अक्षय ऊर्जेतून घेणाऱ्या वसाहतींना बिलावर फक्त 5.5 टक्के कर. म्हणजे यावेळी खोदणाऱ्याबरोबर भाडेकरूलाही थेट काहीतरी मिळालं. ड्रिलिंगची यंत्रं परत आली.

त्यातलं एक काशाँ गावात. तिथल्या दोन जोडविहिरी 1980च्या दशकातल्या, थकलेल्या. 2017 मध्ये त्यांच्या जागी एकच नवी जोडी खोदली गेली आणि तीही खाली जाऊन जवळजवळ आडवी वळवलेली, म्हणजे गरम पाण्याच्या थरातून लांबवर फिरणारी. शहरातली घरं गरम करायला अशी विहीर त्याआधी जगात कुठेच खोदलेली नव्हती.

चला, आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ.