शेरीफ : न्यायालयाचा हात आणि त्याची पोच

‘शेरीफ’ या एकाच नावाने निरनिराळ्या देशांत निरनिराळी पदे ओळखली जातात. स्कॉटलंडमध्ये शेरीफ हा न्यायाधीश असतो. अमेरिकेच्या बहुतेक संस्थानांत तो लोकांनी निवडून दिलेला पोलीस अधिकारी असतो. इंग्लंडमध्ये ते एक वर्षाचे बिनपगारी मानाचे पद आहे, आणि मुंबईत ‘नगरपाल’ म्हणून एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाची त्या जागी योजना होत आली आहे. या विविधतेमागे काही समान सूत्र आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. न्यायालयाचा हुकूम जो हात प्रत्यक्ष बजावतो तो हात कोणाचा आणि त्याची पोच कोठवर, या प्रश्नाच्या आधारे पाहिल्यास हे सूत्र सापडते असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दाविषयी. आपल्या परिचयाच्या अरबी ‘शरीफ’ शब्दाशी याचा काहीही संबंध नाही. ‘शायर’ म्हणजे परगणा व ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. या दोन जुन्या इंग्रजी शब्दांच्या संयोगाने ‘परगण्याचा कारभारी’ या अर्थाचे हे नाव बनले. नॉर्मन राजवटीत राजाचा वसूल गोळा करणे, फौज जमविणे, गुन्हेगारांना धरणे आणि परगण्याची कचेरी चालविणे ही सर्व कामे शेरीफकडे असत. राजाला ठरावीक रक्कम भरावी आणि वरचा वसूल आपल्या पदरी टाकावा, अशी ही व्यवस्था होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मामलतींच्या मक्त्यांचे ज्याने अध्ययन केले आहे, त्याला तिचे दुष्परिणाम निराळे सांगावयास नकोत. ११७० साली दुसऱ्या हेन्रीने शेरीफांच्या कारभाराची चौकशी करून त्यांपैकी बहुतेकांना दूर केले. पुढे १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत शेरीफांनी राजसत्तेचे खटले चालवू नयेत, आणि देशाचा कायदा जाणणाऱ्यांनाच अशा पदांवर नेमावे, अशी कलमे घालण्यात आली. निवाडा करणारा आणि तो अमलात आणणारा हे दोघे एक असू नयेत, या तत्त्वाचा उगम येथे दिसतो. कालांतराने शेरीफकडे न्यायालयाची आज्ञापत्रे बजावणे, पंच बोलाविणे, कैदी सांभाळणे आणि शिक्षा अमलात आणणे ही कामे उरली.

हे पद इंग्लंडबाहेर गेले तेव्हा प्रत्येक देशाने त्याचा एकेक अंश उचलला. स्कॉटलंडमध्ये १७४५ च्या उठावानंतर सरदार घराण्यांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार पार्लमेंटने काढून घेतले. तेव्हापासून कायदेपंडित शेरीफ हा तेथील स्थानिक न्यायव्यवस्थेचा कणा बनला. अमेरिकेत याच्या उलट घडले. तेथे अंमलबजावणीचा अंश वाढला आणि त्यावर लोकमताची मोहर उमटली. बहुतेक काउंट्यांत शेरीफ निवडणुकीने येतो, तुरुंग सांभाळतो व न्यायालयाचे हुकूम बजावतो. मात्र कनेक्टिकट संस्थानाने २००० साली घटनादुरुस्ती करून काउंटी शेरीफचे पद रद्द केले. खुद्द इंग्लंडमध्ये हुकूम बजावण्याचे उरलेसुरले काम २००३ च्या कायद्यान्वये स्वतंत्र अधिकाऱ्यांकडे सोपविले गेले आणि हाय शेरीफकडे समारंभ तेवढा राहिला.

हिंदुस्थानात हे पद १७२६ च्या सनदेने आले. त्या सनदेने मद्रास, मुंबई व कलकत्ता येथे मेयर्स कोर्टे स्थापन झाली आणि त्यांच्या आज्ञा बजावण्यासाठी शेरीफ नेमण्याची तरतूद झाली. या पदाचे कठोर स्वरूप प्रथम जगापुढे आले ते कलकत्त्यात. बनावट दस्तऐवजाच्या आरोपावरून महाराजा नंदकुमार यांना ५ ऑगस्ट १७७५ रोजी फाशी देण्यात आली, तेव्हा अलेक्झांडर मॅक्रॅबी हा तेथील शेरीफ होता. मॅक्रॅबी हा वॉरन हेस्टिंग्जचा कट्टर विरोधक फिलिप फ्रान्सिस याचा मेहुणा. नंदकुमारांनी हेस्टिंग्जवर लाचखोरीचे आरोप केले होते. म्हणजे मॅक्रॅबीचे आप्तसंबंध शिक्षा झालेल्याच्या पक्षाकडे होते. तरीही फाशीची व्यवस्था त्यालाच पाहावी लागली. नंदकुमारांच्या धीरोदात्त अंताचे वर्णनही त्यानेच लिहून ठेवले. हात निवाडा करीत नाही, तो बजावतो, हा नियम किती निर्दय ठरू शकतो याचे हे उदाहरण आहे.

मुंबईत प्रश्न उभा राहिला तो पोचेचा. १८२३ च्या सनदेने येथे सुप्रीम कोर्ट स्थापन झाले व १८२४ मध्ये त्याचे काम सुरू झाले. बेटावर त्याचा अधिकार पूर्ण होता. बेटाबाहेर मात्र तो मुख्यतः ब्रिटिश प्रजाजनांपुरता मर्यादित होता. १८२८ मध्ये न्यायालयाने ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश आणि पुण्यात आप्ताच्या ताब्यात असलेला मोरो रघुनाथ हा अल्पवयीन मुलगा, या दोघांना हजर करण्याविषयी बंदीप्रत्यक्षीकरणाची आज्ञापत्रे काढली. कंपनी सरकारने ती मानण्याचे नाकारले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या मते दख्खनच्या नव्या मुलखात अशा आज्ञा चालू दिल्यास सरकारचा दरारा राहिला नसता. वेस्ट व चेंबर्स हे दोन न्यायाधीश त्याच वर्षी निधन पावले. एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनी, आज्ञा पाळली जात नाही तर न्यायालय चालविण्यात अर्थ काय, या भूमिकेवरून एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद केले. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने मत दिले. विधिदृष्ट्या तो निर्णय समर्थनीय असेल. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, मुंबईच्या बेटावरील रहिवाशाला जे संरक्षण होते ते पुण्याच्या किंवा ठाण्याच्या रयतेला त्या न्यायालयाकडून मिळू शकले नाही.

नाशिकच्या अभ्यासकाने ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. १८१८ मध्ये इंग्रजांकडे आलेल्या दख्खनच्या मुलखात एल्फिन्स्टन यांनी मामलतदार, पाटील व पंचायत यांची जुनी चौकट शक्य तेवढी राखली. पुढे दिवाणी न्यायालये आली, परंतु शेरीफ आला नाही. त्याचे काम नाझर व बेलीफ यांच्याकडे गेले. आजही इंदिरानगरातील एखाद्या रहिवाशाने नाशिकच्या दिवाणी न्यायालयात हुकूमनामा मिळविला तर तो बजावण्यास बेलीफ येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील हुकूम मात्र शेरीफच्या नावे निघतो. जुन्या इलाखा शहराची वेस अशी अद्याप कायद्यात शिल्लक आहे.

१८६२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या जागी उच्च न्यायालय आले तरी शेरीफपद टिकले, आणि त्याला सार्वजनिक जीवनात नवा अर्थ प्राप्त झाला. नागरिकांनी लेखी विनंती करावी आणि शेरीफने टाउन हॉलमध्ये जाहीर सभा बोलवावी, असा प्रघात होता. निवडणुकीचा हक्क नसलेल्या समाजाला आपले मत मांडण्याचे ते एक अधिकृत व्यासपीठ होते. १८६९ व १८७१ अशी दोनदा डॉ. भाऊ दाजी लाड यांची या पदावर नेमणूक झाली. वैद्यक व प्राच्यविद्या यांत कीर्ती मिळविलेला हा पुरुष मुंबईच्या न्यायालयाच्या हुकमांचा नामधारी बजावणीदार होता, ही घटना एतद्देशीयांच्या वाढत्या प्रतिष्ठेची द्योतक होय. स्वातंत्र्योत्तर काळात अभिनेते दिलीपकुमार (१९८०) व क्रिकेटपटू सुनील गावसकर (१९९४) यांची नावे या परंपरेत आली.

मान नगरपालाकडे आणि काम त्याच्या कचेरीतील उपशेरीफ व कर्मचाऱ्यांकडे, अशी येथे विभागणी झाली आहे. परंतु ते काम क्षुल्लक नव्हे. सागरी दाव्यात उच्च न्यायालय एखादे जहाज अटकविण्याचा हुकूम देते, तेव्हा तो मुंबईच्या शेरीफमार्फत बजावला जातो आणि पुढे लिलावाची वेळ आल्यास विक्रीही त्याच कचेरीमार्फत होते. २०१७ च्या सागरी दाव्यांविषयीच्या कायद्यानंतरही हे महत्त्व कमी झालेले नाही. परदेशी मालकाने पगार थकविलेल्या खलाशांना ते अटकविलेले जहाज हेच एकमेव तारण असते.

यावरून शेरीफपदाला केवळ अवशेष म्हणून उडवून लावता येत नाही, हे दिसून येईल. न्यायव्यवस्थेच्या इतिहासात आपण निवाड्यांचा अभ्यास पुष्कळ करतो. निवाडे बजावणाऱ्यांचा फार थोडा. परंतु ग्रँट यांचे न्यायालय युक्तिवादाच्या अभावी बंद पडले नाही; त्याची आज्ञा पुण्यापर्यंत नेणारा हात नव्हता म्हणून पडले. जिल्ह्याजिल्ह्यांतील नाझर व बेलीफ यांच्या दप्तरांकडे तरुण संशोधकांनी या दृष्टीने वळावे. रयतेला न्याय कितपत मिळाला याचे उत्तर निकालपत्रांपेक्षा त्या बजावणीच्या नोंदींतच अधिक सापडण्याचा संभव आहे.