डागडुजीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राज्ये, लढाया आणि थोर पुरुषांची चरित्रे उभी राहतात. इमारत कोणी बांधली हे कोनशिलेवर कोरलेले असते. पुढे तिची गळती कोणी काढली, याची नोंद सहसा कोठे सापडत नाही. कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे माझे लक्ष या दुसऱ्या माणसाकडे अधिक जाते. म्हणून आज मी आपल्यापुढे अशा एका बांधकामाची हकीकत मांडणार आहे, की ज्याच्या डागडुजीची नोंद नाव, तारीख आणि कारण यांसह कोणाही माणसास वाचावयास खुली आहे. हे बांधकाम विटामातीचे नाही. ते संगणकाच्या आज्ञांचे आहे.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. १९९२ साली तो अशा परवान्याखाली आला, की कोणीही तो वाचावा, बदलावा आणि बदललेला दुसऱ्यास द्यावा. २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत जगातील पहिले पाचशे महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालू लागले होते. परंतु नुसत्या गाभ्याने काम भागत नाही. यंत्र सुरू झाले की गाभा एकच प्रोग्राम चालू करतो. त्याचा क्रमांक एक. हा पहिला गडी मग बाकीच्यांना उठवितो : तबकड्या जोडणारा, जाळे लावणारा, नोंदवही लिहिणारा, दारावर बसून नाव विचारणारा. गिरणीचा भोंगा होण्यापूर्वी येऊन बॉयलर पेटविणाऱ्या माणसासारखे त्याचे काम आहे. तो मेला, तर गाभा सारे यंत्रच थांबवितो.

१९८३ साली आलेल्या युनिक्स सिस्टम फाइव्हच्या वळणावर हे काम लिनक्समध्ये पुष्कळ वर्षे चालले. सेवा एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने सुरू होत. ३० एप्रिल २०१० रोजी रेड हॅट कंपनीतील लेनार्ट पॉटरिंग यांनी एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला आणि काय सिव्हर्स यांच्यासह नव्या व्यवस्थेस हात घातला. तिचे नाव सिस्टम-डी. कल्पना साधी होती. टपाल घेणारा कारकून अजून आला नसला, तरी दारावर पेटी आधीच टांगून ठेवता येते. पत्र टाकणाऱ्यास खोळंबावे लागत नाही. तद्वत सर्व सेवांच्या पेट्या प्रथम टांगाव्यात आणि मग सर्वांना एकदमच उठवावे. अॅपल कंपनीने २००५ साली असाच मार्ग धरला होता, आणि पॉटरिंग यांनी ते ऋण मोकळेपणी मान्य केले. २०११ च्या मे महिन्यात फेडोरा १५ ने ही व्यवस्था स्वीकारली.

पुढे वाद पेटला. तो डेबियन या स्वयंसेवकांच्या संघात सर्वांत तीव्र झाला. या संघास स्वतःची लेखी घटना आहे, मतदानाचे नियम आहेत. आमच्यासारख्या युनियनवाल्यास तो घरचाच वाटावा! फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार अशी मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टम-डीचा स्वीकार झाला. विरोधकांचे म्हणणे पोकळ नव्हते. पहिल्या गड्याच्या अंगावर इतकी कामे टाकू नयेत, एकाच घराण्याच्या हाती साऱ्या किल्ल्या देऊ नयेत, असे ते म्हणत. काहींनी राजीनामे दिले. त्याच वर्षी काहींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली आणि २०१७ च्या मे महिन्यात तिची पहिली पक्की आवृत्ती काढली. वादात शिवीगाळही झाली. ज्या चळवळीत मतभेदाचे रूपांतर शिवीगाळीत होते, तिचे काय होते हे आम्हांस वेगळे सांगावयास नको.

परंतु माझ्या मते खरा इतिहास या गाजलेल्या मतदानात नाही. तो त्यानंतरच्या किरकोळ दुरुस्त्यांत आहे. त्यांपैकी एकच पाहू. एप्रिल २०१५ मध्ये सिस्टम-डीतील नावे तपासण्याच्या भागाची नेटकी फेरमांडणी झाली. तीत एक बारीक बदल होता. एखाद्या मार्गाच्या नावाची नक्कल पूर्वी स्मृतीच्या मोठ्या कोठारात ठेवली जाई. ती आता हाताजवळच्या मेजावर ठेवली जाऊ लागली. मेज सोयीचे खरे, कारण काम संपताच ते आपोआप साफ होते. पण मेजास मर्यादा असते, आणि ती बहुधा ८ मेगाबाइटची. नाव एवढे लांब असेल, ही शंका कोणास यावी?

ती शंका क्वालिस या कंपनीच्या संशोधकांना आली. २० जुलै २०२१ रोजी त्यांनी जाहीर केले, की यंत्रावरील कोणीही साधा वापरकर्ता ८ मेगाबाइटहून लांब नावाच्या जागी एखादी फाइलव्यवस्था जोडू शकतो. तसे झाले की मेज मोडते, पहिला गडी मरतो आणि सबंध यंत्र कोसळते. उपाय काय, तर नक्कल पुन्हा कोठारात ठेवणे आणि काम संपल्यावर ती जागा आठवणीने मोकळी करणे. सहा वर्षांच्या धोक्यावर दुरुस्ती निघाली ती काही ओळींची.

येथे माझ्या मनात कारखान्यातील चौकशी उभी राहते. यंत्र बिघडले की प्रथम माणूस शोधला जातो. त्याच्या हाती आरोपपत्र पडते आणि बिघाडाचे कारण मात्र तसेच राहते. परिणामी पुढच्या खेपेस कामगार चूक लपवितो. सिस्टम-डीच्या नोंदवहीत २०१५ चा तो बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला हे उघड लिहिलेले होते. म्हणूनच सहा वर्षांनंतरही नेमक्या जागेवर बोट ठेवता आले. नोंद उघडी असावी, पण ती चूक सुधारण्यासाठी; गळा धरण्यासाठी नव्हे. आमच्या चळवळीने मालकांकडे हीच मागणी करावयास हवी होती. पुष्कळदा आम्हीही ‘दोषी कोण’ या वादातच अडकलो.

तथापि नुसत्या उघड्या नोंदवहीने भागत नाही, हे २०२४ ने शिकविले. एक्सझेड नावाचे, माहिती दाबून लहान करणारे साधन आहे. सिस्टम-डी आपल्या नोंदी लहान करण्यास त्याचा उपयोग करी. दूरवरून यंत्रात प्रवेश देणारा जो द्वारपाल, त्यास काही वितरकांनी ‘मी तयार आहे’ असा निरोप पहिल्या गड्यास देता यावा म्हणून सिस्टम-डीच्या ग्रंथालयाशी जोडले होते. त्या धाग्याने एक्सझेडही द्वारपालाच्या घरात शिरले. एक्सझेडची निगा वर्षानुवर्षे प्रायः एकच गृहस्थ, विनावेतन, छंद म्हणून राखीत होते. आपली प्रकृती ठीक नाही, असे त्यांनी २०२२ मध्ये उघडपणे लिहिले होते. उलट त्यांच्यावर कामाचा तगादा वाढला, आणि मदतीस आलेल्या एका टोपणनावाच्या इसमाने विश्वास संपादून त्या साधनात चोरदरवाजा बसविला. प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधून २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केला. अशी साधने गरज पडेल तेव्हाच जोडावीत, हा बदल सिस्टम-डीच्या कामकऱ्यांनी त्यापूर्वी काही आठवडे स्वीकारलेला होता. तो प्रसिद्ध आवृत्तीत येण्याचे तेवढे राहिले होते.

थकलेला एकटा माणूस ही यंत्रातील सर्वांत कच्ची कडी होय. रात्रपाळीच्या अपघातांत आम्ही हे शंभर वेळा पाहिले आहे. त्या गृहस्थास एक पगारी जोडीदार आणि चार महिन्यांची विश्रांती मिळाली असती, तर त्या परक्या मदतनीसाची इतकी गरज त्यांना भासली नसती, असे मला वाटते.

भारत सरकारने २०१५ साली आपल्या कारभारात अशा खुल्या प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते योग्यच आहे. परंतु जे फुकट मिळते ते फुकट राखले जात नाही. नगरपालिका रस्ता बांधते तेव्हा दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात आहे काय, हे आपण विचारतो; निदान विचारावयास हवे. आपली बँक, आपले विद्यापीठ, आपले सरकार ज्या प्रणालींवर चालते, त्यांच्या दुरुस्तीस त्यांनी किती माणसे दिली आणि किती वेतन दिले, हाही प्रश्न आता आपण सभांतून विचारू लागावे.